मुलाचं अल्कलाइन फॉस्फेटेज ३९० आलंय, लिव्हर बिघडलंय का?

पत्र:

मॅडम, माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. फुटबॉल खेळतो, गेल्या वर्षभरात एकदम ताडमाड वाढलाय. टीमसाठी फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं म्हणून रक्त तपासलं तर अल्कलाइन फॉस्फेटेज ३९० आलं. समोर नॉर्मल ४० ते १३० छापलंय आणि बाजूला ठळक अक्षरात 'हाय'. एसजीओटी ५२, म्हणजे तेही थोडं जास्तच. लिव्हरच्या बाकीच्या टेस्ट, म्हणजे एसजीपीटी, बिलिरुबिन, जीजीटी, मात्र नॉर्मल. नेटवर वाचलं की हे एन्झाइम लिव्हरमधून येतं आणि ते साखर चिकटलेलं प्रोटीन असतं. मुलगा गोड फार खातो, म्हणून तीन आठवडे झाले साखर पूर्ण बंद केलीये आणि तो माझ्याशी धड बोलत नाहीये. लॅबवाले म्हणतात आयसोएन्झाइम टेस्ट करून घ्या. माझंही फॉस्फेटेज मागे एकदा १४८ आलं होतं, नंतर उपाशीपोटी केलं तर १०९. माझा ब्लड ग्रुप ओ, त्याचाही ओ. हे आनुवंशिक आहे का? टेस्ट करू का? खेळ थांबवू का?
– काळजीत पडलेली आई

उत्तर:

ताई, आधी पोराला त्याचं गोड परत द्या, बाकीचं सावकाश बोलू. म्हणजे ढीगभर द्या असं नाही, दातांसाठी आणि वजनासाठी जे प्रमाण पाळायचं ते पाळाच, पण या रिपोर्टपायी त्याला उपाशी मारायचं काही कारण नाही. त्या ३९० चा आणि त्यानं खाल्लेल्या साखरेचा काडीचाही संबंध नाहीये.

आता त्या 'हाय'चं बघू. ४० ते १३० ही रेंज मोठ्या माणसांची आहे, ज्यांची हाडं वाढायची कधीच थांबलीत अशांची. तुमचा मुलगा १४ वर्षांचा आहे, वर्षभरात ताडमाड वाढलाय असं तुम्हीच लिहिलंय, आणि हे एन्झाइम लिव्हरसारखंच वाढत्या हाडांतूनही येतं, म्हणून त्या वयात मुलग्यांमधे ते चारशेच्या पुढेही जातं आणि ते नॉर्मलच असतं. मुलींमधे हा चढ थोडा आधी येतो आणि आधीच उतरतो, मुलग्यांमधे तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आसपास, उंची भराभर वाढते तेव्हाच. मला खरंच राग येतो या गोष्टीचा. मशीन आकडा बरोबर देतं, कॉम्प्युटरमधे वय टाकलेलं असतं, तरी छापताना रेंज मात्र सरसकट मोठ्यांची, आणि मग घरोघरी आया रात्र रात्र नेटवर लिव्हरचे आजार वाचत बसतात.

पण तुमच्या पत्रामागचा प्रश्न यापेक्षा खोल आहे, की लिव्हरचं म्हणतात ते एन्झाइम हाडातून कसं आलं आणि ही साखरेची काय भानगड आहे, तर ते नीट सांगते कारण हे एकदा कळलं की पुढचे चार रिपोर्ट तुमचे तुम्हालाच वाचता येतील.

एन्झाइम म्हणजे काम करणारं प्रोटीन. शरीरात एकच काम बऱ्याच अवयवांना करावं लागतं, पण प्रत्येक अवयव ते आपल्या पद्धतीनं करतो, म्हणून एकाच एन्झाइमचे वेगवेगळे प्रकार असतात, त्यांनाच आयसोएन्झाइम म्हणतात. १९५९ मधे मार्कर्ट आणि मोलर या दोघांनी लॅक्टेट डीहायड्रोजनेज म्हणजे एलडीएच घेऊन दाखवलं की एकाच प्राण्याच्या वेगवेगळ्या अवयवांतलं हे एन्झाइम करंट सोडून वेगळं केलं की त्याच्या पट्ट्या वेगवेगळ्या पडतात. एलडीएच चार तुकड्यांचं बनलेलं असतं, तुकडे दोन जातींचे, एक हृदयात जास्त बनतो आणि एक स्नायूंमधे, आता चारही हृदयाचे, तीन-एक, दोन-दोन, एक-तीन, चारही स्नायूंचे असे पाच प्रकार होतात. हृदयात पहिल्या प्रकाराचा भरणा, लिव्हर आणि हातापायाच्या स्नायूंत पाचव्याचा. म्हणजे रक्तात एलडीएच वाढलंय एवढंच कळलं तर काहीच कळलं नाही, कुठला प्रकार वाढलाय ते कळलं तर अवयवाचा माग लागतो. (तांबड्या पेशींतही पहिला-दुसरा प्रकारच जास्त असतो, त्यामुळे रक्त काढताना नीट काढलं नाही आणि पेशी फुटल्या तरी एलडीएच वाढलेलं दिसतं, आणि मग पेशंटच्या हृदयाची चौकशी सुरू.)

एकाच कामाला इतके प्रकार कशाला, असं वाटणं साहजिक आहे. माझ्या मते सगळ्यात छान उत्तर ग्लुकोज पकडणाऱ्या एन्झाइमचं आहे. पेशीत आलेल्या ग्लुकोजला फॉस्फेट लावून आत अडकवून ठेवायचं एवढंच काम. मेंदूत आणि स्नायूंत जो प्रकार आहे, हेक्सोकायनेज, तो अगदी कणभर ग्लुकोज असलं तरी झडप घालतो, कारण मेंदूला थांबून चालत नाही. लिव्हरमधे याच कामाला ग्लुकोकायनेज नावाचा प्रकार ठेवलाय आणि तो आळशी आहे, रक्तातली साखर जेवणानंतर १४० च्या आसपास गेली की तेव्हा कुठे तो अर्ध्या वेगानं धावायला लागतो. लिव्हरनं उपाशीपोटी साखर ओढून घेतली तर मेंदूचं काय, म्हणून हा आळशीपणा मुद्दाम आहे. हाच ग्लुकोकायनेज स्वादुपिंडात साखर मोजायच्या मीटरसारखा वापरला जातो, आणि ज्यांच्यात त्याचा जीन जन्मतः थोडा बिघडलेला असतो त्यांची उपाशीपोटीची साखर आयुष्यभर जराशी वरच राहते पण सहसा वाढत नाही आणि बहुतेकांना गोळ्याही लागत नाहीत.

तर आता तुमचं फॉस्फेटेज. माणसात अल्कलाइन फॉस्फेटेजचे चार जीन आहेत. एक आतड्याचा, एक वारेचा म्हणजे प्लासेंटाचा, एक जननपेशींचा, हे तिन्ही दोन नंबरच्या क्रोमोसोमवर शेजारी शेजारी बसलेत. चौथा एक नंबरच्या क्रोमोसोमवर, तो लिव्हर, हाडं आणि किडनी या सगळ्यांत चालतो. म्हणजे गंमत बघा, लिव्हरचं आणि हाडाचं फॉस्फेटेज हे एकाच जीनमधून आलेलं हुबेहूब तेच प्रोटीन आहे. मग त्यांना वेगळं म्हणायचं कशावरून? तर वरच्या साखरेवरून. इथे तुम्ही वाचलेली ती साखर येते.

पेशीच्या आत प्रोटीन बनतं तेव्हा त्याच्या ठराविक जागांवर आधी १४ साखरेच्या कणांची एक तयार साखळी डकवली जाते, मग ती छाटली जाते, मग पुन्हा टोकांना वेगवेगळे कण जोडले जातात, गॅलॅक्टोज, फ्यूकोज, सायलिक अॅसिड वगैरे. हे छाटणं-जोडणं करणारी एन्झाइम्स प्रत्येक अवयवात वेगळ्या प्रमाणात असतात, त्यामुळे हाडाच्या पेशीतून बाहेर पडलेल्या फॉस्फेटेजच्या साखळ्या एका धाटणीच्या आणि लिव्हरच्या दुसऱ्या धाटणीच्या. माल एकच, पॅकिंग वेगळं, आणि आम्ही लॅबवाले पॅकिंग बघून कारखाना ओळखतो. पोटात गेलेल्या साखरेनं हे पॅकिंग बदलत नाही, शरीर यातले बहुतेक कण ग्लुकोजपासून स्वतःच घडवतं, आणि ते ग्लुकोज तुम्ही गोड खा नाहीतर भात-भाकरी-पाव काहीही खा, मिळतंच.

आणि हे फक्त फॉस्फेटेजपुरतं नाही हं. रक्तातल्या बहुतेक प्रोटीन्सवर साखर असते, अँटिबॉडीवर असते, लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिनवर असते, थायरॉइडच्या टीएसएचवर असते, प्रेग्नन्सी टेस्ट ज्या हार्मोनवर चालते त्यावरही असते. तांबड्या पेशी बनवायला सांगणारं किडनीतलं एरिथ्रोपोएटिन तर वजनानं ४० टक्क्यांच्या आसपास साखरच आहे, आणि खेळाडूंनी बाहेरून इंजेक्शन घेतलंय का हे पकडतात ते यावरूनच, कारण कारखान्यात दुसऱ्या पेशींत बनवलेल्या हार्मोनवरच्या साखळ्या माणसाच्या किडनीतल्यासारख्या नसतात. मला सगळ्यात आवडतं ते ट्रान्सफेरिनचं. रक्तातल्या ट्रान्सफेरिनच्या साखळ्यांच्या टोकाला सायलिक अॅसिड असतं, पण मेंदूभोवतीच्या पाण्यात त्यातल्या एका भागाची ही टोकं उडालेली असतात. समजा डोक्याला मार लागल्यावर कुणाच्या नाकातून पाणी गळतंय, तर ते सर्दीचं आहे की मेंदूभोवतीचं, हे त्या पाण्यातलं ट्रान्सफेरिन कुठल्या प्रकारचं आहे ते बघून ठरवता येतं. दोन थेंबांत केवढा मोठा निर्णय! आणि बरेच दिवस भरपूर दारू पिणाऱ्या माणसाच्या रक्तातही साखळ्या अर्धवट असलेलं ट्रान्सफेरिन वाढतं, तिथे कारण वेगळं, पण त्याचीही टेस्ट आहे.

एक घोळ इथेच मिटवते कारण तुमच्या मनात तोच झालेला असावा. डायबेटिसवाल्यांची जी एचबीएवनसी टेस्ट असते तीही साखर चिकटलेल्या प्रोटीनचीच, पण ते चिकटणं वेगळं. तिथे रक्तात साखर जास्त असली की ती हिमोग्लोबिनला आपोआप, कुठल्याही एन्झाइमशिवाय जाऊन चिकटते, जितकी साखर जास्त तितकं चिकटणं जास्त, आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून दोन-तीन महिन्यांचा हिशोब लागतो. फॉस्फेटेजवरची साखर अशी अपघातानं चिकटलेली नाही, ती शिस्तीत जागेवर बसवलेली असते आणि तिच्याशिवाय ते प्रोटीन नीट घडतच नाही. दोन्ही गोष्टी नेटवर एकाच पानावर दिसतात आणि माणूस गोंधळतो, त्यात तुमची काही चूक नाही.

आता हाडाचं काय काम चाललंय तिथे. १९२३ मधे रॉबर्ट रॉबिसन यांनी वाढत्या हाडात हे एन्झाइम भरपूर असल्याचं दाखवलं. हाड कडक व्हायला कॅल्शियम आणि फॉस्फेटचे खडे बसावे लागतात, आणि पायरोफॉस्फेट नावाचा एक पदार्थ ते बसू देत नाही. फॉस्फेटेज हा अडथळा तोडून टाकतं आणि वर फॉस्फेटही मोकळं करतं. ज्या मुलांमधे हा जीनच बिघडलेला असतो त्यांची हाडं मऊ राहतात, दुधाचे दात मुळासकट लवकर पडतात, त्या आजाराचं वर्णन १९४८ मधे कॅनडातल्या रॅथबन नावाच्या डॉक्टरांनी केलं. त्यामुळे मुलाच्या रिपोर्टात फॉस्फेटेज अगदीच कमी आलं तर मी जास्त दचकते, पण गंमत म्हणजे कमी आलं की कुणीच पत्र लिहीत नाही. (एक साधं कारण आधी तपासावं, रक्त चुकून सीबीसीच्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधून दुसऱ्या ट्यूबमधे ओतलं गेलं असेल तर त्यातलं रक्त गोठू न देणारं ईडीटीए हे रसायन एन्झाइमला लागणारं झिंक आणि मॅग्नेशियम पकडून ठेवतं, आकडा खोटाच खाली येतो.) तुमच्या मुलाच्या मांड्या-पिंढऱ्यांची हाडं टोकाला लांब होतायत, तिथल्या पेशी हे एन्झाइम आपल्या बाहेरच्या अंगाला लावून काम करतायत आणि त्यातलं काही सुटून रक्तात येतंय, तेच ३९०.

"पण मॅडम, लिव्हरचं नसेल कशावरून?" तुमच्या हातातल्या कागदावरूनच. जीजीटी नॉर्मल आहे ना, तेच उत्तर. पित्त अडलं की लिव्हर फॉस्फेटेज जास्त बनवायला लागतं आणि सोबत जीजीटीही वर जातं, हाडात मात्र जीजीटी नसतं. त्यामुळे फॉस्फेटेज वर आणि जीजीटी जागेवर असेल तर बोट हाडाकडे जातं. बिलिरुबिन नॉर्मल, एसजीपीटी नॉर्मल. म्हणून सांगते, आयसोएन्झाइम टेस्ट आत्ता करू नका.

ती टेस्ट वाईट आहे म्हणून नाही, पण ती कशी होते ते ऐकलंत तर कळेल की उगाच का करू नये. जुन्या पद्धतीत रक्ताचं पाणी ५६ डिग्रीच्या वॉटर बाथमधे १० मिनिटं ठेवायचं, लगेच बर्फात घालायचं आणि किती काम शिल्लक राहिलं ते मोजायचं. हाडाचं उष्णतेत पार कोसळतं, लिव्हरचं बरंचसं तग धरतं, वारेचं तर ६५ डिग्रीलाही टिकून राहतं. पण बाथ अर्धा डिग्री इकडे तिकडे झाला किंवा कुणी ट्यूब मिनिटभर उशिरा काढली की उत्तर बदललं. दुसरी पद्धत पट्टीवर करंट सोडून वेगळं करायची, त्यात लिव्हरची पट्टी सगळ्यात पुढे पळते, आतड्याची सगळ्यात मागे, आणि हाडाची लिव्हरच्या अगदी पाठीला लागून, पसरट, कडा धूसर, कुठे एक संपली आणि दुसरी सुरू झाली हे डोळ्यांनी ठरवणं म्हणजे वादच. म्हणून मग काही लॅब सायलिक अॅसिड कापणारं एन्झाइम घालून दोघींत अंतर पाडतात, किंवा गव्हाच्या अंकुरातलं लेक्टिन वापरतात, ते हाडाच्या फॉस्फेटेजवरची साखर ओळखून त्याला खाली बसवतं. आता हाडाच्या फॉस्फेटेजची थेट अँटिबॉडीवाली टेस्टही मिळते, पण प्रोटीन एकच असल्यामुळे ती अँटिबॉडीही लिव्हरवाल्याला थोडीफार चिकटतेच. वयस्कर माणसात, जिथे हाड आणि लिव्हर दोन्हींची शंका असते आणि जीजीटी औषधांमुळे किंवा दारूमुळे वाढलेलं असतं, तिथे या टेस्टचा खरा उपयोग. वाढत्या वयाच्या धडधाकट मुलाला ही टेस्ट केली तर उत्तर येणार "हाडाचं", जे आपल्याला आत्ताच माहितीये.

आता तुमचं १४८ आणि १०९. ही तुमच्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, कारण ब्लड ग्रुप तुम्ही सहज म्हणून लिहिलात आणि तोच धागा निघाला. ब्लड ग्रुप म्हणजे तरी काय, पेशींवरच्या साखळीचं शेवटचं टोकच. ए ग्रुपवाल्यांचं एन्झाइम एक कण जोडतं, बी वाल्यांचं दुसरा, ही दोन एन्झाइम्स फक्त चार अमिनो अॅसिडनी वेगळी आहेत, आणि ओ ग्रुपमधे बहुतेकदा जीनमधलं एक अक्षर गळाल्यामुळे हे एन्झाइम चालतच नाही, म्हणून टोक तसंच उघडं राहतं. त्याच्या आधीचा फ्यूकोजचा कण जोडणारं एन्झाइमही दोन प्रकारचं आहे, तांबड्या पेशींसाठी एक जीन आणि आतडं, लाळ वगैरे ठिकाणी दुसरा. हा दुसरा ज्यांच्यात चालतो त्यांना सिक्रेटर म्हणतात. आणि ओ किंवा बी ग्रुपची सिक्रेटर माणसं तेलकट जेवल्यावर त्यांच्या रक्तात काही तास आतड्याचं फॉस्फेटेज वर जातं, तब्येत एकदम ठणठणीत असतानाही. आतड्याच्या फॉस्फेटेजच्या टोकाला सायलिक अॅसिड नसतं, त्यामुळे लिव्हरवरचे रिसेप्टर त्याला चटकन ओळखून ओढून घेतात, म्हणून ते टिकतही नाही, रात्रभर उपाशी राहिलात की बहुतेक साफ. तुमचं जेवणानंतरचं १४८ आणि उपाशीपोटी १०९ यात हे अगदी चपखल बसतं. तुम्ही सिक्रेटर आहात का हे मी पत्रावरून सांगू शकत नाही आणि त्याची टेस्ट करायचीही गरज नाही, पुढच्या वेळी रात्रभर उपाशी राहून रक्त द्या म्हणजे झालं.

आनुवंशिक का विचारलंत, तर ब्लड ग्रुप आणि सिक्रेटर असणं आनुवंशिकच आहे पण तो आजार नाही. मुलाचं ३९० मात्र यानं आलेलं नाही, आतड्यामुळे एवढी झेप होत नाही. पुढेमागे घरात कुणी सातव्या-आठव्या महिन्याची गरोदर असेल आणि तिचं फॉस्फेटेज वाढलेलं दिसलं तर तेही लक्षात ठेवा, तिथे वार स्वतःचं फॉस्फेटेज रक्तात सोडत असते, बाळंतपणानंतर उतरतं. फ्रॅक्चर जुळून येतानाही काही आठवडे वाढतं. आणि पाच वर्षांच्या आतल्या लहानग्यांत तर कधी कधी साध्या सर्दी-जुलाबानंतर हा आकडा हजारांत जातो, आईबाप हादरतात, आणि दोन-चार महिन्यांत आपोआप खाली येतो, कशाचाही मागमूस न ठेवता.

राहिलं एसजीओटी ५२. मला सांगा, रक्त दिलं त्याच्या आदल्या दिवशी प्रॅक्टिस होती का? माझी पैज आहे की होती. एसजीओटी लिव्हरमधे असतं तसं स्नायूंतही भरपूर असतं, एसजीपीटी मात्र मुख्यतः लिव्हरमधे. पोरगं दीड तास पळून, पडून-धडपडून आलं की स्नायूंतून थोडं एन्झाइम रक्तात गळतंच. त्या दिवशी कुणी सीके म्हणजे क्रिएटिन कायनेज या स्नायूंतल्या एन्झाइमची टेस्ट केली असती तर तीही भरपूर वाढलेली दिसली असती. त्याचेही तीन प्रकार, मेंदूचा एक, हातापायाच्या स्नायूंचा एक आणि दोन्हींचे अर्धे अर्धे तुकडे मिळून झालेला तिसरा, एमबी, जो हृदयाच्या स्नायूत २० टक्क्यांच्या आसपास असतो. पूर्वी हार्ट अॅटॅक ओळखायला यावरच भिस्त असायची, आता ट्रोपोनिन आलंय, ते एन्झाइम नाही, स्नायूंतलं दुसरं प्रोटीन आहे, पण हृदयाचा प्रकार स्नायूपेक्षा वेगळा असणं हे तत्त्व तेच, आणि त्यात घोटाळे कमी होतात.

डॉक्टरांना दाखवायचं का? हो, पण घाई नाही, मुलांच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा हा कागद घेऊन जा, ते वयाच्या रेंजशी ताडून बघतील आणि उंची-वजन मोजतील. मात्र तो लंगडत असेल, एकाच हाडात, खास करून रात्री, दुखतंय म्हणून उठत असेल, पाय वाकडे वाटत असतील, तर लवकर जा, तिथे कॅल्शियम, फॉस्फरस, व्हिटॅमिन डी बघावं लागतं, कारण डी फारच कमी असलं तरी हेच हाडाचं फॉस्फेटेज वाढतं आणि मग ते निव्वळ वयाचं म्हणून सोडता येत नाही. डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाचा रंग पांढुरका, अंगाला सारखी खाज, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी. तुमच्या पत्रात यातलं एकही नाहीये.

आणि खेळ अजिबात थांबवू नका, या रिपोर्टात त्याचं एकही कारण नाही. डॉक्टरांनी पुन्हा तपासायला सांगितलं तर तीन-चार महिन्यांनी करा, आधीचे चार-पाच दिवस प्रॅक्टिस नको, आदल्या रात्रीनंतर काही खाल्लेलं नको, आणि रक्त देतानाच काउंटरवर सांगा की वय १४ आहे, रेंज त्या वयाची छापा. नाही म्हणाले तर दुसरी लॅब बघा.